हिंमतकाकांचे टोकदार गोळे

हिंमतराव कापगते कढईतल्या तेलाकडे नुसतं बघून त्याचं तापमान सांगतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. मग स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर विकत आणला आणि त्यांच्या कढईत बुडवला.

काका म्हणाले, "एकशे बाहत्तर."

थर्मामीटरवर आकडा आला १७४.

काकांनी त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "नवीन आहे बिचारा. शिकेल हळूहळू."

वारज्यातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते आणि मुक्ताकाकू राहतात. समोरच्या फ्लॅटमध्ये मी भाड्यानं राहते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

काकांचं सगळं आयुष्य भट्टीसमोर गेलं. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ त्यांचं गाव. चारी बाजूंनी धानाची शेती. आयटीआय करून एकविसाव्या वर्षी ते पुण्याला आले. येरवड्यात एका खोलीत पाच जण राहायचे आणि तिथून भोसरीच्या कारखान्यात कामाला जायचे. गाड्यांचे गिअर भट्टीत तापवायचे, मग तेलात बुडवून कडक करायचे, हे त्यांचं काम. ते त्यांनी सदतीस वर्षं केलं. भट्टीला मीटर होतेच, पण काका आधी झरोक्यातून रंग बघायचे. "आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला पळस फुलतो ना," ते मला सांगत होते, "तो रंग आला की समजायचं आठशे पन्नास. मीटर वेगळं काही सांगत असेल, तर मीटर दुरुस्तीला पाठवायचा."

निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे बघायला भट्टी उरली नाही. मग ते गॅसकडे बघू लागले. दूध कधी उतू जाणार हे ते काकूंना बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगतात. काकू म्हणतात, "एवढं कळते तर उठून बंद करा ना."

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी काकांनी माझी बेल वाजवली. हातात फोन होता. "इंजिनिअर, हे वाच बरं. मी बरोबर समजलो का बघ."

इंग्रजीतला छोटासा मेसेज होता. मी रोझालिया. साल्वातोरे आणि कार्मेलाची मुलगी. कामासाठी मार्चमध्ये चाकणला येते आहे. एक रविवार मोकळा आहे. तुम्हाला भेटायला यायला आवडेल.

"येते म्हणते ना?" काकांनी विचारलं.

"हो काका. पण या कोण?"

"आत ये. चहा ठेवायला सांगतो. लांबची गोष्ट आहे."

१९९७ साली काकांच्या कारखान्यानं इटलीतल्या तोरिनो शहरातून एक नवीन भट्टी विकत घेतली. ती चालवायला शिकायला एक साहेब आणि एक कामगार पाठवायचे ठरले. साहेब आठ दिवसांत कागदपत्रं घेऊन परतले. काका अठ्ठावीस दिवस राहिले. ते माळकरी. मांस नाही, मच्छी नाही, अंडंही नाही. पहिले दोन दिवस त्यांनी पाव आणि टोमॅटोवर काढले. तिसऱ्या दिवशी तिथल्या फोरमननं, साल्वातोरेनं, त्यांचा डबा उघडून पाहिला, परत बंद केला आणि संध्याकाळी त्यांना हाताला धरून घरी नेलं.

"ते लोकही तिथले नव्हते," काका म्हणाले. "इटलीच्या पार खालच्या टोकाला सिसिली म्हणून बेट आहे, तिथले. कामासाठी वर आलेले. त्यांच्या बोलण्याला तोरिनोचे लोक हसायचे. मला म्हणायचा, इंडियातही असं असते काय? मी म्हटलं, माझा 'कायले' ऐकून पुण्यात बस थांबते."

कार्मेलानं त्या संध्याकाळी आरांचिनी केले. म्हणजे भाताचे तळलेले गोळे. एरवी आत खिमा असतो. तिनं वाटाणे, टोमॅटो आणि चीज घातलं. तळायला कोरी कढई काढली आणि काकांना तिचा तळ दाखवला, की बघ, यात कधी मांस शिजलेलं नाही. मग पुढचे पंचवीस दिवस ती कढई फक्त काकांची झाली.

"आणि ही रोझालिया," काका हसायला लागले. "आठ वर्षांची होती. समोर बसायची. तिच्या ताटात खिम्याचे गोळे असायचे, पण हिचा डोळा माझ्या ताटावर. मी पाणी प्यायला मान वर केली की एक गोळा गायब. आई ओरडायची, ही टेबलाखाली."

साल्वातोरे आता नाहीत. कार्मेला तोरिनोलाच असतात. नाताळला तिकडून कार्ड यायचं, दिवाळीला इकडून जायचं. रोझालियाला मात्र काकांनी त्यानंतर पाहिलं नव्हतं.

"मग काय करायचं जेवायला?" काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं. "पुरणपोळी करते. नाहीतर आपला वडाभात."

"आरांचिनी करायचे," काका म्हणाले.

काकू थांबल्या. "ती बाई तिकडून इतक्या लांब येणार आणि आपण तिला तिचंच खाऊ घालायचं? कोणी नागपूरहून आलं तर आपण सावजी करतो का?"

"तू ऐक. मी तिथं असताना कार्मेलानं मला विचारलं, तुझी आई रोज काय करते? मी हातवारे करून पोळी सांगितली. तिच्याकडे लाटणं नव्हतं, तवा नव्हता. तिनं बाटलीनं पोळी लाटली. इतकी कडक झाली की वाकवली तर मोडली. पापड बरा." काकांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "पण मी ते तुकडे खाल्ले आणि रडलो. तेव्हा घरातून निघून मला वीस दिवस झाले होते, मुक्ता. त्या बाईनं प्रयत्न केला होता."

काकूंनी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

"रोझालिया एकदाच येणार. पुन्हा येते का नाही कोणाला माहीत. तिनं खाल्लं की तिला आईच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. मले दुसरं काही नाही पाहिजे."

काकांच्या तोंडात 'मले' आलं की विषय संपलेला असतो. बाहेर ते शुद्ध पुणेरी बोलतात. मन भरून आलं की भंडारा येतो.

आमच्या हातात तीन रविवार होते, चौथ्याला पाहुणी. मी इंटरनेटवरून कृती शोधली, तिचं मराठी केलं आणि प्रिंट काढून त्यांच्या फ्रिजवर चिकटवली. पहिलीच सूचना होती: तांदूळ आखूड दाण्याचा, चिकट होणारा घ्यावा. तो धुऊ नये, कारण दाण्यावरची पिठीच गोळा बांधून ठेवते.

काकूंच्या घरी तांदूळ येतो तो गावाहून, लांब दाण्याचा, शिजल्यावर शीत न् शीत सुटं. काकूंना त्याचा फार अभिमान आहे. म्हणून दुसरा तांदूळ आणायला काका आणि मी शनिवार पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो.

"चिकट होणारा तांदूळ आहे का?" काकांनी विचारलं.

दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "तांदूळ आहे. चिकट करणं तुमच्या घरच्यांवर आहे."

"म्हणजे आंबेमोहोर वगैरे..."

"मग आंबेमोहोर म्हणा की. कोडी कशाला घालता?"

आम्ही गुपचूप आंबेमोहोर घेऊन आलो. काकांनी काकूंना फ्रिजवरची पहिली सूचना मोठ्यानं वाचून दाखवली. "ऐकलं का? धुवायचा नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. "भात मी सकाळी करून ठेवत जाईन. तुम्ही दोघं नंतर या तुमच्या प्रयोगाला."

पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा भात परातीत पसरून गार झाला होता. लोणी, केशर, किसलेलं चीज, सगळं घातलेलं. पिवळाधमक. काका गोळा वळायला लागले, तो एकीकडून फुटला की दुसरीकडून दाबायचे.

"टोक काढा त्याला," मी फोनवरचा व्हिडिओ बघत म्हणाले, "नाही, थांबा, टोक नाहीये. हे चेंडूसारखे गोल आहेत."

"टोक असते," काका म्हणाले.

"काका, दहा व्हिडिओ पाहिले मी. गोल आहेत."

"मी पंचवीस दिवस खाल्ले. टोक असते. खाली रुंद, वर निमुळता. आधी टोक मोडून खायचं, त्यातून वाफ निघते."

काकू ओट्याला टेकून बघत होत्या. त्या पुढे आल्या, हात धुतले, भाताचा लाडूएवढा गोळा तळहातावर घेतला, अंगठ्यानं दाबून वाटी केली, सारण भरलं आणि बोटं फिरवत फिरवत वर नेऊन मिटवली. अर्ध्या मिनिटात टोकदार गोळा तयार.

"मोदकच आहे की हा," त्या म्हणाल्या. "पाकळ्या नसलेला. यात शिकायचं काय?"

काकांनी तो गोळा हातात घेऊन सगळीकडून पाहिला, जणू भट्टीतून आलेला पहिला गिअर. "हा. असाच."

मैदा आणि पाण्याच्या पातळ घोळात बुडवून, टोस्टच्या चुऱ्यात घोळवून गोळा तेलात सोडला. पाच सेकंद तो सुंदर दिसला. मग शिवण उकलली, चीज बाहेर आलं, तेल उसळलं आणि केशरी शितं कढईभर पोहायला लागली.

मी लॅपटॉपवर तक्ता केला. प्रयत्न एक: तेल १७४, फुटला. कारण: कदाचित तेल कमी गरम.

"तेलाला काही बोलू नको," काका म्हणाले.

दुसऱ्या रविवारी गोळे तासभर फ्रिजमध्ये ठेवले. फुटले. तेल १८० केलं. फुटले. चीज कमी केलं. जरा उशिरा फुटले. तिसऱ्या रविवारी घोळ आणि चुरा दोनदा लावला. गोळे टिकले, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग काकांनी एक मोडला. वरचं कवच तुटलं आणि आतून कोरडा, सुटा भात ताटलीत सांडला.

"हे चिलखत घातलेलं आहे," काका म्हणाले. "आत शिपाईच नाही."

माझ्या तक्त्यात एव्हाना सतरा रकाने होते. तेलाचं तापमान, गोळ्याचं वजन, फ्रिजमधला वेळ, खोलीतली हवा, चुऱ्याची जाडी. मी रोज ऑफिसमध्ये नवीन मुलांना सांगते, की जे तपासलं नाही ते बरोबर आहे असं कधी धरू नका. आणि स्वतः मात्र एक गोष्ट तीन आठवडे तपासली नव्हती, कारण ती फ्रिजवर छापलेली होती आणि तिला काकू 'बरं' म्हणाल्या होत्या.

चौथा रविवार उजाडला. रोझालिया एक वाजता येणार होती. मी साडेआठला गेले. भात तयार होता, परातीत पसरलेला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर काकूंचा एप्रन. त्यांनी पाण्याऐवजी पेजेत मैदा कालवून बघूया, असं रात्रभर विचार करून ठरवलं होतं. गोळा केला. सोडला.

फुटला.

काकांनी गॅस बंद केला. एप्रनची गाठ सोडली, तो नीट घडी करून ओट्यावर ठेवला आणि स्टुलावर बसले. "पूर्वा, तू तिला इंग्रजीत फोन कर. म्हणावं, बाहेर कुठंतरी जेवू. चांगलं हॉटेल सांग."

ते मला नेहमी इंजिनिअर म्हणतात. नावानं हाक मारली तेव्हा मला तिथे उभं राहवेना. मी फोन करायच्या निमित्तानं बाल्कनीत गेले.

बाल्कनीत काकूंची कढीपत्त्याची कुंडी आहे. जानेवारीत ती मरायला टेकली होती, काकू स्वतःच म्हणाल्या होत्या. आता तिला तळापासून शेंड्यापर्यंत कोवळी पोपटी पानं फुटली होती. रोप खूश दिसत होतं. मी नंबर शोधता शोधता खाली पाहिलं. मातीवर पांढरट साय धरली होती, अजून ओली. शेजारी एक स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं, त्याच्या काठावरून दुधासारखे थेंब गळत होते.

मी बोट लावून पाहिलं. पिठूळ.

"काकू," मी आत येत विचारलं, "कढीपत्त्याला काय घालता हो तुम्ही?"

"धुवण," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या काय बोलल्या.

काका स्टुलावरून उठले. "कशाचं धुवण?"

काकूंनी पदर खोचला. "तांदळाचं. दुसरं कशाचं असते?"

"धुतला? आजही?"

"चारही रविवारी धुतला. चार-चार पाण्यानं धुतला. पाणी नितळ होईतो."

"मी तुले वाचून दाखवलं होतं! तू बरं म्हणाली होती!"

"बरं म्हणाले, म्हणजे ऐकलं म्हणाले. धुणार नाही असं कुठं म्हणाले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या सतरा रकान्यांकडे.

"महिना गेला मुक्ता. महिनाभर मी तेलाला दोष दिला. तेलाला!"

"मग काय करू?" काकूंचा आवाज चढला. "पोतं कुठून कुठून फिरून येते. गोदामात उंदीर, ट्रकमध्ये माणसं बसतात त्यावर. ज्या दिवशी चूल हाती आली त्या दिवसापासून न धुतलेला दाणा मी आधणात टाकला नाही. घरच्या माणसाला टाकला नाही, आणि पाव्हणीला टाकू? सातासमुद्रापलीकडून आलेल्या लेकीच्या ताटात धूळ वाढू? तुमचं ते इटली काहीही म्हणो. माझे हात धजत नाहीत."

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. काका आता रागावणार असं मला वाटलं. पण ते फ्रिजवरच्या माझ्या कागदाकडे बघत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी तो कागद काढला.

"कार्मेलाकडे एक कोरी कढई होती," ते हळू म्हणाले. "तिनं मला कधी म्हटलं नाही, की बाबा, चार दिवस माळ काढून ठेव. तिनं कढई बदलली." त्यांनी कागदाची घडी घातली. "धू तू. पाव्हणीच्या ताटात न धुतलेलं जाणार नाही. गोळे नाही झाले तर नाही झाले. पुरणाची डाळ घाल शिजत."

हे काकूंना अपेक्षित नव्हतं. भांडणाची तयारी केलेल्या माणसाला समोरच्यानं वाट करून दिली की कसं होतं, तसं त्यांचं झालं. त्या डब्यापाशी गेल्या, डाळीचा डबा काढला, झाकण उघडलं, परत लावलं.

"पूर्वा," त्या म्हणाल्या, "गोळा बांधून ठेवणारं जे काय आहे, ते दाण्यावर असते ना?"

"हो काकू. पिठी. स्टार्च."

"म्हणजे खळ. आम्ही सुती लुगड्यांना करायचो, तांदळाचं पाणी बसवून." त्या आता स्वतःशीच बोलत होत्या. "म्हणजे ते कुठं जात नाही. दाण्यावरून पाण्यात जाते. आणि पाणी मी कढीपत्त्याला घालते."

काका वळले.

"पहिलं पाणी टाकते. ते धुळीचं," काकू म्हणाल्या. "दुसरं नि तिसरं ठेवते. आणि त्याच पाण्यात भात शिजवते. धुतला की धुतला. आणि खळही घरातच राहिली."

हे इतकं सरळ होतं की कोणत्याही रकान्यात बसत नव्हतं.

काकांनी एप्रनची घडी मोडली. "नऊ वाजून चौदा मिनिटं," ते म्हणाले. "इंजिनिअर, तांदूळ मोजून दे."

पुढचे दोन तास त्या स्वयंपाकघरात मी जे पाहिलं ते मला कारखान्यातल्या कामासारखं वाटलं. काकूंनी तांदूळ धुतला, पहिलं पाणी मोरीत, पुढची दोन पातेल्यात. तांदूळ लोण्यावर परतला. तेच पांढरं पाणी उकळवून पळीपळीनं घालत, सतत ढवळत भात शिजवला. शेवटी पळी उभी केली तर ती उभीच राहिली. भात परातीत पसरला. काका पंखा कोणत्या वेगावर आणि परात किती अंतरावर हे सांगत होते. काकू म्हणाल्या, "तुम्ही तेलाकडे बघा." अकरा-सव्वाअकराला काकूंनी पहिला गोळा वळला. भात हाताला चिकटला, वाटी झाली, टोक आलं आणि ते टोक तसंच ताठ राहिलं.

काकांनी तेलाकडे पाहिलं. "एकशे अठ्ठ्याहत्तर."

मी थर्मामीटर काढलाच नाही.

गोळा तेलात गेला. पाच सेकंद. दहा. तीस. काका झाऱ्यानं त्याच्यावर तेल उडवत होते. गोळा पिवळा झाला, मग बदामी, मग एक असा रंग आला की काका एकदम म्हणाले, "पळस!" आणि त्यांनी तो बाहेर काढला. तो अखंड होता. मोडला, तर आतून चीजचा दोरा निघाला आणि भातानं भाताला सोडलं नाही.

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या का रडत होत्या मला कळलं नाही. काका म्हणाले, "आज कढीपत्त्याला उपास."

रोझालिया एकला पाच कमी असताना आली. पस्तिशीची, उंच, केस आखूड, हातात आईनं दिलेली चीजची पेटी. दारात ती आणि काका एकमेकांकडे बघत उभे राहिले. काकांना त्यांचे तीस-चाळीस इटालियन शब्द आठवत होते, पण त्या क्षणी एकही आला नाही. त्यांनी हात जोडले. तिनं त्यांना मिठी मारली. काकांचे हात जोडलेलेच मधे अडकले.

जेवायला बसलो. वरण, भात, कोशिंबीर सगळं होतं, पण आधी काकूंनी मधोमध ताट ठेवलं. त्यात सतरा गोळे, सतरा टोकं वर.

रोझालियाचा हसरा चेहरा एकदम स्थिर झाला. "टोक आहे याला," ती इंग्रजीत म्हणाली. "तोरिनोत सगळीकडे गोल मिळतात. टोकाचे आमच्या गावाकडचे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी भाषांतर केलं. काकांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. दहा व्हिडिओ, अशी ती नजर होती.

तिनं एक गोळा उचलला. "काल्दो, काल्दो!" काका ओरडले. गरम आहे. एक शब्द सापडला होता. तिनं टोक मोडलं, वाफ बाहेर आली, तिनं फुंकर घातली आणि खाल्लं. काका खात नव्हते. काकू वाढायचं थांबल्या होत्या. रोझालिया चावत राहिली, खिडकीकडे बघत, बराच वेळ. मग तिनं उरलेला गोळा संपवला आणि न विचारता दुसरा घेतला.

तो संपल्यावर तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या कार्मेला आल्या. रोझालियानं गोळा फोनसमोर धरला, मोडला, आतला दोरा दाखवला. तिकडून इतक्या वेगानं आणि इतक्या जोरात इटालियन आलं की शेजारच्या गॅलरीतून कोणीतरी डोकावलं.

"आई विचारते आहे, इंडियात हा भात इतका छान कसा बांधला गेला? काय केलं?"

काकांनी छाती पुढे काढली. "सांग तिला. धुऊन!"

मी सांगितलं. रोझालियानं डोळे मोठे केले आणि फोन छातीशी धरला. "हे मी आईला सांगू शकत नाही," ती कुजबुजली. "तांदूळ धुतलेला कळला तर ती विमानात बसून येईल."

"येऊ दे," काकू म्हणाल्या. त्यांनी सरळ फोन हातात घेतला आणि कार्मेलांशी मराठीत बोलायला सुरुवात केली. "ताई, तुम्ही यांना पोळी करून घातली होती ना? कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवायची. आणि बाटलीनं नका लाटू हो. लाटणं पाठवते मी हिच्याबरोबर." तिकडून कार्मेला इटालियनमध्ये काहीतरी तितक्याच आस्थेनं सांगत होत्या. दोघींचं नीट चाललं होतं. मी मधे पडले नाही.

काकांनी आता कुठे आपला गोळा ताटात घेतला होता. टोक मोडून खाल्लं, घास गिळला, डोळे मिटले. मग पाण्याचा पेला उचलला आणि मान वर केली.

पेला खाली ठेवला तेव्हा ताट रिकामं होतं.

समोर रोझालिया छताकडे बघत होती. तिचा गाल फुगलेला होता.

"अगं बाई!" काकू फोन हातात धरून ओरडल्या. "उष्टं होतं ते यांचं! पूर्वा, सांग ना तिला!"

मी सांगायला तोंड उघडलं. काकांनी हात वर करून मला थांबवलं. ते हसत होते. त्यांनी मोठ्या ताटातून आणखी एक टोकदार गोळा उचलला, आपल्याच ताटात ठेवला, ते ताट टेबलावर जरा तिच्या बाजूला सरकवलं आणि पाण्याचा पेला पुन्हा उचलला.